मागे कंपनी नसलेली गाडी

मोटारीची किंमत केवळ पत्रा, इंजिन, काच आणि गाद्या यांची नसते; कारखान्याबाहेर पडल्यानंतर पुढची पंधरा-वीस वर्षे ती गाडी चालती ठेवण्यासाठी सुट्या भागांची कोठारे, अधिकृत सेवाकेंद्रे, शिकवून तयार केलेले कारागीर, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि संगणकीय तपासणीची साधने अशी जी व्यवस्था उभी केलेली असते, तिचाही वाटा त्या किमतीत मिसळलेला असतो. नवी गाडी घेताना हे दोन वाटे ग्राहकाला वेगळे दिसत नाहीत आणि दिसण्याची गरजही नसते. कंपनीने देशातून गाशा गुंडाळला की मात्र ते उघडपणे वेगळे होतात. यंत्र मालकाच्या दारात राहते, व्यवस्था निघून जाते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या गाडीचा भाव कोसळतो तो प्रामुख्याने या गेलेल्या व्यवस्थेपोटी. अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात नव्या छोट्या हॅचबॅकहूनही कमी भावात उभी असलेली शेव्हरोले क्रूझसारखी ऐटदार सेडान म्हणूनच निव्वळ स्वस्त म्हणता येत नाही. तिच्याबरोबर निर्मात्याचे अर्धे काम खरेदीदाराच्या अंगावर येते, आणि ते पेलण्याची सोय ज्याच्यापाशी आधीपासून आहे त्याच्याच दृष्टीने हा सौदा शहाणपणाचा ठरतो.

एक्झिक्युटिव्ह सेडान म्हणजे इंजिन, प्रवासी आणि सामान यांसाठी तीन वेगळे भाग असलेली, लांब-रुंद, मोठ्या इंजिनाची आणि वरिष्ठ अधिकारी, डॉक्टर, वकील, कंत्राटदार, बागायतदार अशा वर्गाला समोर ठेवून बांधलेली मोटार. क्रूझ ही त्या वर्गातली ठळक गाडी होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची किंमत सुमारे ११ लाख रुपयांपासून सुरू होत होती आणि तिच्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची ताकद सुमारे १५० अश्वशक्ती होती, जी त्या काळात त्या किमतीला सहसा मिळत नसे. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातील बागायतदाराला किंवा अकोल्याच्या व्यापाऱ्याला ज्या गाडीकडे तेव्हा फक्त पाहता येत होते, ती आज त्याच्या आवाक्यात आली आहे, आणि या ओढीला निव्वळ हौस म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. लांब पल्ल्याचा शांत, स्थिर प्रवास ही वऱ्हाडात खरी गरज आहे.

बंद पडलेला ब्रँड हा शब्दप्रयोग बाजारात सरसकट केला जातो, परंतु त्याखाली तीन निराळ्या अवस्था झाकल्या जातात. पहिली अवस्था जगभरातच संपलेल्या नावाची: ब्रिटनमधील रोव्हरचा व्यवसाय २००५ मध्ये कोसळला आणि स्वीडनच्या साबने २०११ च्या अखेरीस दिवाळखोरी पत्करली. दुसरी अवस्था देश सोडून गेलेल्या, पण अन्यत्र जिवंत असलेल्या नावाची. भारतातील शेव्हरोले, फोर्ड आणि फियाट यांची गणना तीत होते. तिसऱ्या अवस्थेत कंपनी देशात टिकून असते आणि फक्त एखादे मॉडेल थांबते, जसे होंडा सिव्हिक किंवा टोयोटा कोरोला अल्टिस. खरेदीदाराच्या दृष्टीने या तिन्हींतला फरक फार मोठा आहे. तिसऱ्या अवस्थेत व्यवस्था शाबूत असते, दुसरीत ती परदेशात असते आणि पहिलीत ती मुळातच उरलेली नसते, तरीही गल्लीतला दलाल तिन्हींना एकाच वाक्यात ‘कंपनी बंद झालेली गाडी’ म्हणून भाव पाडून मागतो.

शेव्हरोलेची कथा महाराष्ट्राला जवळची आहे. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकात गुजरातमधील हलोल येथून ओपेल ॲस्ट्रा विकायला सुरुवात केली, २००३ मध्ये शेव्हरोले हे नाव आणले आणि पुढे ओपेल हे नाव भारतातून मागे घेतले. शेव्हरोलेची येथील पहिली सेडान ऑप्ट्रा ही मुळात कोरियाच्या देवू कंपनीची लासेटी होती. देवू समूह १९९९ मध्ये कोसळल्यानंतर त्याचा मोटार व्यवसाय जनरल मोटर्सकडे आला आणि मेलेल्या नावाची गाडी जिवंत नावाने भारतीय रस्त्यावर उतरली, म्हणजे नावाचे आयुष्य आणि यंत्राचे आयुष्य एकाच मापाने मोजता येत नाही याचा पुरावा शेव्हरोलेच्या जन्मातच होता. सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला. मे २०१७ मध्ये कंपनीने वर्षअखेरीपर्यंत भारतातील विक्री थांबवण्याची घोषणा केली. हलोलचा कारखाना एमजी या नावाने गाड्या विकणाऱ्या चिनी समूहाकडे गेला. तळेगावात निर्यातीसाठी चाललेले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला आणि अखेर तो कारखाना ह्युंदाईने घेतला. या सगळ्या हस्तांतरात जमीन, इमारती आणि यंत्रे यांना खरेदीदार मिळाला. आधी विकलेल्या गाड्यांच्या देखभालीची जबाबदारी मात्र नव्या मालकांकडे गेली नाही, कारण ती त्या व्यवहाराचा विषयच नव्हती. सेवा चालू ठेवू, हे जुन्या कंपनीचे आश्वासन तेवढे मागे राहिले.

जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी अर्थशास्त्रात सर्वांत गाजलेले विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे आहे. १९७० मधील निबंधात त्यांनी असे दाखवले, की गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात व घेणाऱ्याला नसतात, त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी भावच देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू वाईट गाड्याच उरतात. माहितीच्या या विषमतेवरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. निर्माता निघून गेलेल्या गाडीला हे विवेचन पुरेसे लागू पडत नाही. तिचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे मागे कंपनी नसणे, दोन्ही पक्षांना आधीच माहीत असतो. उत्तम राखलेली गाडी आणि पिळून काढलेली गाडी या दोघींच्या भावातून हा दोष जवळपास सारखाच वजा होतो, आणि म्हणूनच ज्याला गाडी पारखता येते त्याला या बाजारात चांगला माल पडेल भावात मिळू शकतो.

याच ठिकाणी वऱ्हाडाचा प्रश्न उभा राहतो. भावातली घट सगळीकडे साधारण सारखी असते. कंपनी नसल्याचा बोजा मात्र जागेनुसार बदलतो. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार आणि त्या त्या कंपनीच्या सेवाकेंद्रांत पूर्वी काम करून आता स्वतंत्र गॅरेज टाकलेले कारागीर एकाच शहरात सापडतात. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, अमरावतीहून दीडशे. भाग लागला तर तो फोनवरून शोधायचा, छायाचित्र पाठवून खात्री करायची, आगाऊ पैसे भरायचे आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणाऱ्या पार्सलची वाट पाहायची, आणि चुकीचा भाग आला तर सगळे पुन्हा आरंभापासून. मोठ्या शहरातला मालक ज्या कारणासाठी अशी गाडी काढून टाकतो, ते कारण वऱ्हाडात पोहोचेपर्यंत दुप्पट जड झालेले असते, आणि खरेदीदार मात्र पुण्यातलाच भाव पाहून ती स्वस्त समजतो.

जुन्या पिढीतील जाणकार येथे प्रीमियर पद्मिनीचा दाखला देतात, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाटच्या परवान्याने घडलेली ही गाडी नव्या शतकाच्या तोंडाशी बंद झाली, तरी मुंबईत तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, आणि तीही यंत्र थकल्याने नव्हे, तर टॅक्सीसाठी घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने उतरली. हे शक्य झाले, कारण पद्मिनीचे ज्ञान कारागिराच्या हातात होते. कार्बोरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे साधे यांत्रिक उपकरण, उघडून साफ करता येत असे, ठिणगीची वेळ कानाने जुळवता येत असे आणि न मिळणारी बुशिंग लेथवर घडवून घेता येत असे. क्रूझसारख्या गाडीत तेच काम संगणकीय नियंत्रक करतात. इंजिनाचा एक, हवेच्या पिशव्यांचा एक, ब्रेकचा एक, किल्लीची ओळख पटवणारा एक असे अनेक नियंत्रक एकमेकांशी संकेतांनी बोलतात, आणि त्यांतला एखादा बदलला तर नव्याला गाडीशी जुळवून देणारे कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. बाजारात मिळणारा साधा स्कॅनर इंजिनाचे प्रमाणित दोषसंकेत वाचतो, परंतु किल्ली जुळवणे किंवा हवेच्या पिशव्यांचा नियंत्रक पुन्हा चालू करणे बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर असते. पद्मिनीवर हात बसलेल्या मिस्त्रीचे कौशल्य येथे अपुरे पडते, यात त्याचा कमीपणा नाही. ज्ञानच त्याच्या हातातून काढून कंपनीच्या कुलपात ठेवले गेले आहे.

एकाच गाडीतले काही भाग जिवंत व काही मृत असू शकतात, हे फियाट लिनियाच्या उदाहरणावरून चांगले कळते. क्रूझहून खालच्या वर्गातील ही सेडान पुणे जिल्ह्यातील रांजणगावला, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात तयार होत असे. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचेच, पण मारुतीने ते स्विफ्ट आणि डिझायरमध्ये व टाटांनी इंडिका व्हिस्टामध्ये वापरले, त्यामुळे त्या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक मूर्तिजापूर किंवा परतवाड्यासारख्या ठिकाणीही भेटतो आणि फिल्टर, बेअरिंग, इंजेक्टर यांच्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. पण त्याच गाडीचा पुढचा दिवा घेतला तर चित्र उलटते. दिव्याचे कवच ज्या तीन-चार प्लास्टिकच्या कानांवर शरीराला बसते, त्यांतला एक कान हलक्या धक्क्यातही तुटतो. कान सुटा मिळत नाही, पूर्ण दिवाच घ्यावा लागतो, आणि तो फक्त त्याच मॉडेलचा व त्याच फेरबदलानंतरचा चालतो. दाराच्या रबरी पट्ट्या, काच वर-खाली करणारी यंत्रणा, डॅशबोर्डचे तुकडे, बंपरच्या पकडी या सगळ्यांची गत हीच. यंत्र चालते आणि अंग झिजत जाते, आणि शेवटी अशा गाडीला रस्त्यावरून हटवतो तो बहुधा इंजिनाचा बिघाड नसून न मिळालेली काच किंवा दिवा असतो. म्हणून गाडी पाहायला जाताना इंजिनाचा आवाज ऐकण्याइतकेच लक्ष चारही दिवे, आरसे, काचा आणि दारांच्या कड्या शाबूत आहेत की नाहीत याकडे द्यायला हवे.

रस्ता आणि हवा यांचाही हिशेब वेगळा करावा लागतो. अमरावती-अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी पट्टा सलग अंथरून गिनीज विक्रम नोंदवला गेला, आणि समृद्धी महामार्गामुळे मुंबईपर्यंतचा पल्ला जलद झाला. अशा रस्त्यावर जड, स्थिर डिझेल सेडानचे गुण खरोखर कामी येतात. मात्र महामार्ग सोडून गावच्या वाटेला लागले की काळ्या मातीतला पावसाळी चिखल आणि गतिरोधक यांवर लांब, बसक्या गाडीचे पोट घासते. वऱ्हाडात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा थंडाव्याच्या नळ्या, रबरी जोड आणि टायर यांची खरी परीक्षा होते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि खाच कितीही खोल दिसली तरी जुन्या तारखेचा टायर समृद्धीवर नेणे हा जिवाशी खेळ आहे. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा दातेरी रबरी पट्टा असतो, तेथे तो कधी बदलला याची पावती मिळाली नाही तर बदललेलाच नाही असे धरून चालावे, कारण तो तुटला तर झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाची दुरुस्ती गाडीच्या किमतीला जाऊन भिडते.

खरेदीदार ज्याचा सर्वांत कमी विचार करतो तो विषय विम्याचा आहे आणि नेमके तेथेच हे सौदे आतून पोकळ असतात. विमा कंपनी गाडीचे जे मूल्य मान्य करते त्याला घोषित विमा मूल्य म्हणतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी ते ठरलेल्या घसाऱ्याने काढले जाते, पण पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन थांबलेल्या मॉडेलांसाठी ते विमा कंपनी व ग्राहक यांच्या परस्पर संमतीवर सोडलेले आहे. संमती म्हणजे व्यवहारात विमा कंपनीने सुचवलेला आकडा, आणि तो पडलेल्या बाजारभावावरच बेतलेला असतो. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. समजा, मूल्य दोन लाख रुपये धरले आहे. मग दीड लाखाच्या वर दुरुस्ती गेली की गाडी संपली. समोरून झालेल्या मध्यम धडकेत दोन दिवे, बॉनेट, रेडिएटर आणि उघडलेल्या हवेच्या पिशव्या एवढे मिळूनही हा आकडा ओलांडला जाऊ शकतो, कारण गाडीचा भाव पडला तरी तिच्या भागांचे भाव पडत नाहीत, उलट दुर्मीळतेने चढतात. शिवाय सामान्य पॉलिसीत दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर आणि कोणत्याही वयाच्या गाडीच्या प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे निम्मा भार मालकाच्या खिशावर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. ज्याला अशी गाडी घ्यायची आहे त्याने सौदा ठरवण्याआधी विमा कंपनीकडून घोषित मूल्याचा आकडा लेखी घ्यावा आणि तो पसंत नसेल तर इसार देऊ नये.

कागदपत्रांची बाब इतर जुन्या गाड्यांसारखीच आहे, पण दोन गोष्टी येथे वजनाच्या आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला दिलेल्या पाठबळाने निर्बंध आले, आणि तेथील मोठ्या डिझेल सेडान ना हरकत प्रमाणपत्रासह अन्य राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. अशी गाडी अकोल्याच्या एमएच-३० किंवा अमरावतीच्या एमएच-२७ क्रमांकावर आणायची तर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, आणि दलालाने सांगितलेल्या भावात तो बहुधा धरलेला नसतो. दुसरी गोष्ट विकणाऱ्याला सांगण्याची: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या फेब्रुवारी २०१८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, मग गाडी दरम्यान कितीही हातांतून गेलेली असो. हातोहात फिरणाऱ्या अशा स्वस्त गाड्यांत नावावर न केलेल्या व्यवहारांची साखळी लांबत जाते, म्हणून विक्रेत्याने गाडी सोडण्याआधी आणि खरेदीदाराने पूर्ण रक्कम देण्याआधी हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरून दाखल करणे दोघांच्याही हिताचे आहे.

चालती गाडी भंगारात घालून नवी घेण्यापेक्षा ती वापरत राहणे काटकसरीचे आणि साधनांची नासाडी टाळणारे आहे, हा या खरेदीच्या बाजूचा सबळ युक्तिवाद आहे. जुनी मोठी गाडी नव्या लहान गाडीपेक्षा सुरक्षित असते, हा दुसरा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना धडक चाचणीचे निकष आणि पुढे सर्व मोटारींना अँटीलॉक ब्रेक व पुढच्या दोन्ही आसनांसाठी हवेच्या पिशव्या सक्तीच्या झाल्या, त्यामुळे पूर्वीचे अंतर पुष्कळ कमी झाले आहे, आणि दशकभर जुनी हवेची पिशवी ऐनवेळी उघडेलच अशी हमी द्यायला आता कोणी उरलेले नाही. म्हणून ही खरेदी अशानेच करावी ज्याच्या घरात दुसरे वाहन आहे, ज्याच्या ओळखीत त्या गाडीवर पूर्वी काम केलेला आणि तिचा स्कॅनर बाळगणारा कारागीर अमरावती, अकोला किंवा फार तर नागपूरला आहे, आणि जो गाडीच्या किमतीच्या निम्म्याएवढी रक्कम पहिल्याच वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवू शकतो. ज्याची रोजची नोकरी, दवाखाना किंवा शेतमालाचा व्यवहार एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

परंतु सगळा भार खरेदीदाराच्या शहाणपणावर टाकून हा विषय सोडून देता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना, ज्यांत जनरल मोटर्स, फोर्ड आणि फियाट होत्या, सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या आणि मुख्य प्रश्न तसाच राहिला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचा समावेश आहे, पण त्यावरची माहिती कंपन्यांच्या मर्जीने येते. युरोपीय संघाने २००७ च्या नियमानेच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला खरा, पण तो आदेश बजावायचा कोणावर, जेव्हा निर्माता देशातच नसतो? देश सोडणाऱ्या कंपनीने दुरुस्तीच्या पुस्तिका, भागांची चित्रसूची आणि नियंत्रक जुळवणारे सॉफ्टवेअर सरकारकडे जमा करून ते कोणत्याही गॅरेजला खुले करावे, आणि ही अट कारखान्याच्या हस्तांतराला परवानगी देतानाच घालावी, एवढी मागणी वऱ्हाडातील वाहनधारकांनी आणि ग्राहक पंचायतीने आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे. कारखाना विकण्यापूर्वी जशी कामगारांची देणी चुकती व्हायला हवीत, तशीच ग्राहकांचीही. आणि ही देणी इतक्यात संपणारी नाहीत: भारतात २०१७ मध्ये नोंदणी झालेल्या शेवटच्या शेव्हरोले गाड्यांचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षांच्या नियमाने २०३२ पर्यंत वैध आहे.